मारधाड, विज्ञान आणि आम्ही प्रेक्षक

— एक प्रेक्षक, बी. एस्सी. भाग २

क्रिकेट आणि सिनेमा या दोन विषयांत आपल्याकडे प्रत्येक माणूस जन्मतःच तज्ज्ञ असतो. त्यामुळे चित्रपटावर लिहिण्याचा अधिकार तुला कोणी दिला, असे मला कोणी विचारणार नाही याची खात्री आहे. तरीही आधीच सांगून टाकतो. मी समीक्षक नाही. वर्षाकाठी आठ-दहा चित्रपट थिएटरात आणि त्याच्या दुप्पट मोबाईलवर पाहणारा साधा प्रेक्षक आहे. त्यातही रडके कौटुंबिक चित्रपट मला सोसत नाहीत. मला लागते मारामारी, नाहीतर अंतराळयान. गेल्या तीन-चार वर्षांत या दोन्ही जातींचे चित्रपट भरपूर आले, भरपूर चालले आणि आपल्या वसतिगृहात त्यांवर रात्र-रात्र वादही झाले. त्या वादात आरडाओरड्यामुळे जे नीट मांडता आले नाही ते मांडावे, म्हणून हा प्रपंच.

आधी मी कुठून पाहतो ते सांगितले पाहिजे, कारण पाहण्याची जागा बदलली की चित्र बदलते. माझे गाव सौंसर तालुक्यात आणि आजोळ पांढुर्ण्याला. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. "मध्य प्रदेशात मराठी?" असे इथले मित्र अजूनही चमकून विचारतात. हो बाप्पा, मराठी! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. गंमत अशी, की जुन्या प्रांताची ही आठवण सिनेमावाल्यांनी मात्र जपून ठेवली आहे. चित्रपट वितरणाच्या नकाशावर 'सी. पी. बेरार' नावाचा विभाग अजून नांदतो आहे. सरकारने पुसलेली रेषा तिकीटबारीने पुसली नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की आमच्याकडे मराठी चित्रपट क्वचित पोचतो. मुंबईचा, हैदराबादचा, चेन्नईचा, बंगळुरूचा आणि हॉलिवूडचा असे पाचही सिनेमे येतात, आणि सगळे हिंदी बोलत येतात. मोठा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायचा तर नागपूर गाठावे लागते. सौंसरहून साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. तिकीट, गाडीभाडे आणि मध्यंतरातले ते सोन्याच्या भावाचे मक्याचे फुटाणे धरले, तर संत्र्याच्या बागेत दिवसभर तोडणी करणाऱ्याची मजुरी एका चित्रपटात उडते. तेव्हा आमचा प्रेक्षक चित्रपटाकडे हिशेबाने पाहतो. पैसे वसूल झाले की नाही, हा त्याचा पहिला आणि रास्त प्रश्न असतो.

आता मारधाडपटाकडे वळू.

या जातीच्या चित्रपटाची आपल्याकडची मोजपट्टी म्हणजे 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला आणि २०२५ साली त्याला पन्नास वर्षे झाली. त्यातल्या आगगाडीच्या मारामारीचे चित्रीकरण पनवेलजवळ झाले आणि रामगड वसवले गेले ते कर्नाटकात, बंगळुरूजवळच्या रामनगरात. म्हणजे हा चित्रपट आपल्या या दुभाषी अंकाला अगदी शोभणारा! तो आजही का पाहवतो? माझ्या मते त्यातल्या मारामाऱ्या आजच्या मानाने संथ आहेत म्हणूनच. बंदूक उचलण्याआधी माणूस विचार करताना दिसतो. गोळी सुटली की कोणाच्या तरी घरावर पडते. ठाकूरचे कुटुंब मारले जाते तेव्हा पडद्यावर रक्तापेक्षा पांढऱ्या चादरीच जास्त दिसतात. पण त्या चादरी माणूस विसरत नाही.

आजचा मारधाडपट नेमका याच्या उलट वागतो. तिथे माणसे शेकड्याने पडतात आणि एकाचीही चादर दिसत नाही. 'पठान' (२०२३) घ्या. नायक हवेतून, बर्फावरून, आगगाडीच्या टपावरून जातो आणि त्याच्या केसांची बट हलत नाही. यात वाईट काही नाही. ही जादूगाराची करमणूक आहे, आणि ती मला आवडलीही. 'जवान' (२०२३) त्याच जातीचा, पण त्यात शेतकऱ्याचे कर्ज आणि सरकारी दवाखान्यातला प्राणवायू आला, म्हणून आमच्या गावात तो जास्त चालला. विदर्भाच्या सीमेवर राहणाऱ्याला शेतकऱ्याच्या कर्जाचे दृश्य दाखवले की तो शिट्टी वाजवायचे विसरतो.

खरा वाद झाला तो 'अ‍ॅनिमल'वर (डिसेंबर २०२३). तीन तास एकवीस मिनिटांचा, प्रौढांसाठी प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट. त्यात मुखवटे घातलेल्या टोळीशी नायक कुऱ्हाडीने लढतो तो लांबलचक प्रसंग आहे, आणि पार्श्वभूमीला चक्क मराठी गाणे वाजते. 'जाऊं द्या ना बाळासाहेब' (२०१६) मधले, अजय-अतुल यांचे. नागपूरच्या थिएटरात त्या क्षणी जो गजर झाला तो मी ऐकला आहे. हिंदी चित्रपटात आपली भाषा अशी मिरवताना क्वचितच ऐकू येते, त्यामुळे गजराचे कारण मी समजू शकतो. पण भाषा आपली असली म्हणून प्रसंग आपला होत नाही. त्या बोळात किती माणसे कापली गेली, ती कोण होती, त्यांना कोणी वाट पाहणारे होते का, याची दिग्दर्शकाला काडीचीही फिकीर नाही. गाण्याने ठेका धरला आहे आणि माणसे त्या ठेक्यावर पडत आहेत.

माझे मित्र म्हणतात, "अरे, सिनेमा आहे तो. एवढे मनावर काय घ्यायचे?" याचे उत्तर मला पांढुर्ण्यातून द्यावे लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जांब नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. सावरगावची मुलगी आणि पांढुर्ण्याचा मुलगा पळून जाताना नदीत अडकले, अशी त्यामागची दंतकथा सांगतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर अनेकांनी जीव गमावले आहेत, डोळे गमावले आहेत. प्रशासनाने जमावबंदी करून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला राहिले आणि दगड चालू राहिले.

मामांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी हे पाहिले आहे. तेव्हा कळलेली एक गोष्ट कोणत्याही मारधाडपटाने मला सांगितलेली नाही. दगड लागलेल्या माणसाचा आवाज 'ढिश्यांव' असा होत नाही. गर्दीच्या कोलाहलात आवाज येतच नाही. माणूस नुसता खाली बसतो, कपाळाला हात लावतो आणि हाताकडे पाहतो. मग त्याला चार जण उचलून नेतात, आणि तो होता त्या जागी दुसरा येऊन उभा राहतो.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, सिनेमामुळे पोरे बिघडतात. मला तसे मुळीच म्हणायचे नाही. गोटमारीला सिनेमाची गरज नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. हिंसेची हौस माणसात आधीची आहे, आणि पडदा तिला जन्म देत नाही. पण पडदा दोन गोष्टी करू शकतो. खाली बसलेला माणूस दाखवू शकतो, किंवा त्याच्या जागी येऊन उभा राहिलेला दुसराच तेवढा दाखवू शकतो. पहिला चित्रपट पाहून मी घरी येतो तेव्हा माझ्या डोळ्यांत काहीतरी भर पडलेली असते. दुसरा पाहून आलो तर काहीतरी कमी झालेले असते. एवढाच माझा मुद्दा आहे आणि तो मला लहान वाटत नाही. आमच्याकडे तर तो दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी नदीवर येऊन उभा राहतो.

याच कारणासाठी गेल्या काही वर्षांतला माझा सर्वांत आवडता मारधाडपट 'किल' (जुलै २०२४) आहे. दिग्दर्शक निखिल नागेश भट. हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल, कारण त्यात रक्त 'अ‍ॅनिमल'पेक्षा कमी नाही. सगळी कथा दिल्लीकडे जाणाऱ्या एका आगगाडीत घडते. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी मार्गावरचे स्टेशन. आगगाडीचा डबा म्हणजे काय हे आम्हांला सांगावे लागत नाही. दोन बाकांमधल्या त्या बोळातून पाण्याची बाटली घेऊन जाणे कठीण, तिथे मारामारी करायची म्हणजे कोपर आपटणार, डोके वरच्या बर्थला लागणार. 'किल'मध्ये ते तसेच लागते. जागेचा नियम नायकालाही पाळावा लागतो.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गाडी लुटायला आलेले दरोडेखोर हे एकमेकांचे काका-पुतणे, भाऊ-भाऊ आहेत. त्यांच्यातला एखादा मेला की बाकीचे रडतात. त्याच्या प्रेताशेजारी बसतात. चित्रपटाचे नाव पडद्यावर येते तेच निम्मा चित्रपट होत आल्यावर, नायकाचे सर्वस्व गेल्यानंतर. त्यापुढे तो जे करतो ते पाहताना टाळी वाजवावी की थांबवावी हे कळेनासे होते. खलनायकाच्या गटालाही रडण्याचा हक्क देणारा मारधाडपट मी दुसरा पाहिलेला नाही. तिथे कोणीही फुकट मरत नाही.

आणि कायद्याचे काय? 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार करतो. आणीबाणीच्या त्या वर्षी सेन्सॉरने हे चालू दिले नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊ नये, म्हणून शेवटी पोलीस येतात आणि गब्बरला पकडून नेतात. मूळ शेवट असलेली, नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०२५ साली आधी इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात आणि डिसेंबरात आपल्याकडच्या थिएटरांत दाखवली गेली. सेन्सॉरने कलावंताच्या हातातली कात्री काढून घ्यावी हे मला मान्य नाही. तरीपण हे खरे, की १९७५ साली निदान हा प्रश्न कोणाला तरी पडला होता. आजच्या मारधाडपटात पोलीस शेवटीसुद्धा येत नाहीत, आणि आले नाहीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता कन्नड विभागातल्या मित्रांशी दोन शब्द. 'केजीएफ' (२०१८ आणि २०२२) तुम्ही डोक्यावर घेतला, आम्हीही घेतला. पण 'कांतारा' (२०२२) मला त्याहून मोठा वाटतो. ऋषभ शेट्टींच्या त्या चित्रपटातली मारामारी जमिनीतून उगवते. गावाचे दैवत, जंगलाची जमीन, सरकारी खात्याची रेषा, आणि सुरुवातीलाच चिखलातून सुटलेल्या रेड्यांची कंबळा शर्यत. आमच्याकडे बैलांचा पट असतो, त्यामुळे ती धूळ आणि तो चिखल आम्हांला हिंदी भाषांतरातूनही कळला. कंबळा आणि बैलगाडा शर्यत या दोन्हींचे कायदे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच निकालात वैध ठरवले. तेव्हा आपण त्या बाबतीतही भाऊबंदच आहोत. चित्रपट जितका एका गावाचा, तितका तो दुसऱ्या गावाला लवकर कळतो. सगळ्या देशासाठी म्हणून बेतलेला चित्रपट पुष्कळदा कोणत्याच गावाचा नसतो.

'केजीएफ'बद्दल माझी एक तक्रार विज्ञानाच्या विद्यार्थ्याची आहे, आणि तिथूनच मी विज्ञानपटाकडे वळतो. कोलारच्या त्या खऱ्या खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या. २००१ साली त्या बंद पडल्या. त्याच खाणीत दोन किलोमीटरहून खोल जागी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह उपकरणे मांडली होती. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो त्यांना पकडायचे होते. न्यूट्रिनो हा असा कण, की तो सबंध पृथ्वीतून आरपार जातो आणि कोणाला धक्काही लावत नाही. बाकीच्या कणांचा गोंगाट टाळायचा तर डोक्यावर खडकाचे मोठे छप्पर हवे; म्हणून ही खाण. १९६५ साली त्यांना यश आले. जगात अशा प्रकारची ती पहिल्या यशांपैकी एक नोंद होती. सोन्याच्या खाणीच्या तळाशी, उकाड्यात, अंधारात, सोन्याकडे पाठ करून माणसे एका अदृश्य कणाची वाट पाहत बसली आहेत! यावर चित्रपट व्हायला काय हरकत होती? पण आपल्याला त्या खाणीत फक्त हातोडा आणि बंदूक दिसली.

आपल्या विज्ञानपटाचे दुखणे हेच आहे. आपल्याकडे विज्ञान म्हणजे चमत्काराचे नवे नाव. 'कल्की २८९८ एडी' (जून २०२४) हा याचा मोठा नमुना. त्याच्या खर्चाचा आकडा सुमारे ६०० कोटी असल्याचे छापून आले. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते यान चंद्रावर उतरले तेव्हा आमच्या गावात पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर रस्ता बंद होईल एवढी गर्दी होती. त्यात नायक नव्हता, खलनायक नव्हता, गाणे नव्हते. एक आकडा कमी कमी होत होता, आणि सगळे श्वास रोखून होते. रोमांचासाठी मारामारी लागतेच असे नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

'कल्की'त काशी हे शेवटचे शहर उरले आहे, पाणी आणि हिरवळ वरच्या मजल्यावरच्यांनी ओढून घेतली आहे. कल्पना उत्तम. पण हे कसे झाले, माणसे खातात काय, पितात काय, असे प्रश्न पडू लागले, की लगेच एक मोटार बोलू लागते आणि मारामारी सुरू होते. मला त्या चित्रपटात विज्ञानापेक्षा पुराण जास्त खरे वाटले. अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा हा त्यातला सर्वांत जिवंत माणूस. सातपुड्यात वाढलेल्या कोणालाही अश्वत्थामा नवा नाही. कपाळाची न भरणारी जखम घेऊन तो रानोमाळ तेल मागत फिरतो, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर शंकराच्या पूजेला येतो, असे आमची आजी सांगे. अमर होणे हा वर नसून शाप आहे, हे आपल्या कथेने केव्हाच सांगून ठेवले. मारधाडपटाच्या नायकाची जखम पुढच्या प्रसंगात भरून येते. अश्वत्थाम्याची हजारो वर्षे भरत नाही. म्हणून तो आठवणीत राहतो.

उलट बाजूला 'इंटरस्टेलर' पाहा. २०१४ चा चित्रपट, फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे पुन्हा लागला आणि पुन्हा गर्दी झाली. त्यातल्या कृष्णविवराचे चित्र किप थॉर्न या शास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून बनवले होते. त्यांना पुढे २०१७ चे नोबेल मिळाले. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, असा नियम चित्रपट एकदा सांगतो आणि मग पाळतो. बाप परत यानात येतो तेव्हा मुलांचे तेवीस वर्षांचे निरोप साठलेले असतात. तिथे सापेक्षतेचा सिद्धांत आमच्या शेजारी बसलेल्या बाईला रडवतो. विज्ञान नीट पाळले की भावनेसाठी वेगळी सोय करावी लागत नाही.

हे परक्यांनाच जमते असे नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा बक्षिसास पात्र ठरली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. ते टोपणनाव निघाले, आणि खरे लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. म्हणजे हॉलिवूडच्या चाळीस वर्षे आधी मराठी वाचकाच्या हातात कृष्णविवर पडले होते. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांच्या कथा शाळा-कॉलेजांतून वाचल्या गेल्या, पण आपला मराठी सिनेमा त्यांच्या वाटेला फारसा गेला नाही. पैसे नव्हते, हे कारण पुरते पटत नाही. नागपुरात वाढलेल्या आरती कडव यांनी 'कार्गो' (२०१९) हा चित्रपट थोडक्या पैशांत केला. अंतराळयानाचे नाव पुष्पक, त्यात प्रहस्त नावाचा एकलकोंडा राक्षस नोकरी करतो. मेलेल्या माणसांच्या जखमा बऱ्या करून, आठवणी पुसून त्यांना पुढच्या जन्माला पाठवण्याची नोकरी! यंत्रे जुन्या रेडिओसारखी, बटणे खटखट वाजणारी. हसू येते आणि मग हळूहळू गलबलून येते. कल्पना आपली असली, की ६०० कोटी लागत नाहीत.

सौंसरचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकात आहे हे मला इथे आल्यावर वर्गात कळले. मँगनीज असलेल्या फार प्राचीन खडकांच्या एका समूहाला 'सौंसर समूह' म्हणतात. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा तो पसरला आहे. ज्या दगडांवर आम्ही बैल बांधतो, त्यांचे वय कोट्यवधी वर्षांत मोजतात. कोणी तरी त्यावर विज्ञानकथा लिहावी. आणि कोणी तरी जांब नदीवर चित्रपट काढावा. मात्र काढणाऱ्याला माझी एक विनंती आहे. उडणारा दगड संथ गतीने दाखवू नका. तो फार सुंदर दिसेल. त्याऐवजी संध्याकाळी न्हाणीघरात मुलाच्या डोक्यावर पाणी ओतणारी आई दाखवा, आणि पाणी लाल यायचे थांबेपर्यंत कॅमेरा हलवू नका.

तेव्हा मित्रहो, या साध्या प्रेक्षकाच्या कसोट्या दोनच. मारधाडपट असेल तर मार लागला पाहिजे. मारणाऱ्यालाही आणि पाहणाऱ्यालाही. विज्ञानपट असेल तर एकदा घातलेला नियम शेवटपर्यंत पाळला पाहिजे. एवढे करून मग नायकाने खुशाल हवेत उडावे. आम्ही शिट्ट्या वाजवायला नागपूरपर्यंत भाडे भरून येऊ. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांना एक सूचनाही करतो. पुढच्या वर्षी चित्रपटांच्या यादीपेक्षा एक-एक विज्ञानकथा छापू या, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. मग त्यांची भाषांतरे अदलाबदल करू. कोलारच्या खाणीतले ते शास्त्रज्ञ कन्नड मित्रांनी घ्यावेत. सौंसरचे दगड मी घेतो.